सात किलोंचा संसार

विमानतळावर एक जागा अशी असते, की तिकडे मला बघवत नाही. सामान जमा करण्याच्या काउंटरपासून थोडी बाजूला, खांबाजवळ, एखादं कुटुंब जमिनीवर बसलेलं असतं. सुटकेस उघडी पडलेली. घरातले कपडे, पापडांची पाकिटं, मुलांचे बूट सगळे चारचौघांत मांडलेले. काय ठेवायचं आणि काय काढायचं यावरून नवरा-बायकोचं दबक्या आवाजात भांडण चाललेलं असतं. रांगेतले लोक बघत नसल्याचं दाखवत बघत असतात.

2018 साली मुंबईच्या विमानतळावर त्या जागी मी बसलो होतो. म्हणून आज कवितेवर न बोलता प्रवासातल्या सामानावर बोलायचं ठरवलं आहे. या विषयात माझा अभ्यास नाही, पण मी मार खाल्लेला आहे.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. आमच्या गावात घरटी एक तरी माणूस आखातात. माझी मुलगीही लग्न होऊन दुबईला गेली. तिच्या बाळंतपणासाठी बायको दोन महिने आधीच तिकडे पोहोचली होती. नातू चाळीस दिवसांचा झाला तेव्हा मी निघालो. माझा तो पहिलाच विमानप्रवास. बातमी गावात पसरायला एक दिवस पुरला. दुसऱ्या दिवसापासून दारात माणसं यायला लागली. कुणाच्या हातात सोडे, कुणाच्या आमसुलं, कुणाच्या कुळथाचं पीठ. माझ्या फुफीने जावयासाठी आणि नातवंडांसाठी मिळून अडीच किलोंची फणसपोळी आणली. "तू जातोच आहेस, तुझ्या हाती एवढंच," असं प्रत्येक जण म्हणत होता. एवढंच, एवढंच करता करता सुटकेसचं झाकण लागेना, तेव्हा भाच्याने त्यावर बसून चेन ओढली.

सगळ्यात शेवटी अम्मा आली. माझ्या आईने दोन महिने खपून पणतवासाठी गोधडी शिवली होती. वडिलांच्या जुन्या लुंग्या, तिची स्वतःची दोन सुती लुगडी, माझ्या मुलीच्या शाळेतला एक फ्रॉक, सगळं त्यात होतं. ती वरच ठेवली.

घरात काटा नव्हता. शेजाऱ्याने सुटकेस उचलून बघितली आणि "तीसच्या आतच आहे," असा निर्वाळा दिला. तिकिटावर मला तीस किलोंची मुभा होती. काउंटरवरच्या काट्याने चौतीस किलो दोनशे ग्रॅम दाखवलं. जादा किलोंचे पैसे ऐकले आणि मी खांबाजवळ जाऊन बसलो.

आता काढायचं काय? लोकांची पाकिटं काढली, तर गावात तोंड कसं दाखवायचं? उरलं ते माझं. माझे दोन जोड कपडे काढले. दुबईतल्या मराठी मित्रांना द्यायला घेतलेल्या माझ्या कवितासंग्रहाच्या प्रती काढल्या. तरी काटा खाली येईना. मग गोधडी काढली. दारावरच्या जवानाला विनंती करून बाहेर थांबलेल्या भाच्याच्या हाती ते बोचकं दिलं. फुफीची फणसपोळी दुबईला गेली आणि अम्माची गोधडी एस.टी.ने घरी परत आली.

गोष्ट इथे संपत नाही. हातातल्या बॅगेतही पाकिटं कोंबली असल्यामुळे माझी औषधं सुटकेसमध्ये ठेवली होती. मला मधुमेह आहे, इन्सुलिन घ्यावं लागतं. दुबईला उतरलो, सरकत्या पट्ट्यापाशी उभा राहिलो. पट्टा रिकामा होत गेला आणि शेवटी एकच काळी सुटकेस फिरत राहिली. ती माझ्या सुटकेसची जुळी बहीण होती, पण त्यावर नाव दुसऱ्याचं होतं. ते गृहस्थ माझी घेऊन गेले होते. ती तिसऱ्या दिवशी परत मिळाली. पहिल्या रात्री जावई औषधाच्या दुकानांत फिरले. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येणार नाही, असं तिथे नम्रपणे सांगण्यात आलं. चिठ्ठी सुटकेसमध्ये होती. दुसऱ्या दिवशी दवाखाना, तपासणी, नवी चिठ्ठी. चाळीस दिवसांच्या लेकराची आई रात्रभर बाळाकडे बघायचं की बापाकडे, या काळजीत जागी होती. नातवाला बघायला गेलेल्या आजोबाने पहिल्याच रात्री घरादाराला जागवलं.

सुटकेस आली तेव्हा सगळी पाकिटं शाबूत होती. दोन दिवस कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत तापलेलं इन्सुलिन मात्र टाकून द्यावं लागलं. पाकिटं न्यायला आलेल्यांपैकी एक जण सहज बोलून गेला, "चाचा, हे कशाला आणलंत? आमच्या इथे करामामध्ये सगळं मिळतं." करामा आणि मीना बझार या दुबईतल्या वस्त्यांमधल्या दुकानांतून हिंडलो तेव्हा त्याचं म्हणणं पटलं. गावातून मी ओझं वाहून नेलेल्या वस्तूंपैकी निम्म्याहून अधिक वस्तू तिथल्या फळ्यांवर मांडलेल्या होत्या.

परत आल्यावर मी या विषयाच्या मागे लागलो. आपण इतकं सामान का बांधतो, याचं एक कारण मला आमच्याच घरात सापडलं. मुंबईहून हजला जाणारी जहाजं 1995 पर्यंत चालू होती. माझे आजोबा जहाजानेच गेले होते. सोबत ट्रंक, भांडी, तांदूळ, मसाले असा सगळा संसार होता. जहाजाला त्याचं काही वाटत नसे, आणि महिनोन् महिने घराबाहेर राहायचं तर ते गरजेचंही होतं. पुढे आखातात गेलेली पिढी येताना टेपरेकॉर्डर, ब्लँकेटं, अत्तर, बदाम घेऊन यायची. जाताना गावची चव घेऊन जायची. त्या काळी तिकडे आमसूल मिळत नव्हतं आणि पार्सल पाठवणं परवडत नव्हतं. जाणाऱ्याच्या हाती देणं हीच टपाल व्यवस्था होती. आपण विमानात बसलो, पण सामान अजून जहाजाचंच बांधतो.

विमानाला मात्र वजनाचा हिशोब चुकवून चालत नाही. उड्डाणाआधी प्रवासी, सामान, माल आणि इंधन यांच्या वजनाची बेरीज होते. प्रवाशांचं वजन सहसा सरासरीने धरतात, सामान मात्र प्रत्यक्ष काट्यावर चढतं. त्यावरून विमानाच्या पोटात कुठे किती माल ठेवायचा, तोल कसा राखायचा, धावपट्टीवर किती वेग लागेल, हे ठरतं. वजन वाढलं की इंधन जास्त जळतं. जादा किलोला पैसे मोजावे लागतात, त्यामागे कंपनीची कमाई आहेच, पण हा हिशोबही आहे. आणखी एक मर्यादा फार जणांना माहीत नसते. पैसे भरायची तयारी असली तरी एका बॅगेचं वजन साधारणपणे 32 किलोंच्या वर चालत नाही. कारण ती बॅग शेवटी एक हाडामांसाचा माणूस वाकून उचलतो. त्याच्या कंबरेसाठी तो नियम आहे. हे कळल्यावर मला माझ्या चौतीस किलोंची दुहेरी लाज वाटली.

आपल्याकडे देशातल्या देशात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या 15 किलो सामान पोटात आणि 7 किलो हातात नेऊ देतात. परदेशी जाताना तिकिटागणिक फरक पडतो. आखाताकडे बहुधा एकूण किलो मोजतात, तर अमेरिकेकडे नग मोजतात आणि एका नगाला बहुधा 23 किलो. म्हणून तिकीट हातात आलं की तारखेच्या आधी वजन वाचावं. आता हातातल्या बॅगेपुरतंच, म्हणजे थोडं स्वस्त तिकीटही काही कंपन्या देतात.

काटा घरी असावा. हाताने लटकवून वजन दाखवणारा छोटा काटा बाजारात मिळतो. नसेल तर माणसाच्या वजनाच्या काट्यावर आधी आपण एकटे उभं राहावं, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करावी. तेही नसेल तर किराणा दुकानदार ओळखीचा असतोच. आणि हा काटा सगळ्यात आधी रिकाम्या बॅगेला लावावा. माझी ती काळी सुटकेस रिकामीच साडेचार किलोंची निघाली. हातातल्या सात किलोंच्या प्रवासात चाकांची जड बॅग घेतली तर निम्मा कोटा बॅगच खाते. साधी कापडी बॅग किलोभराची असते.

कपड्यांचं म्हणाल तर अंगावर एक आणि बॅगेत दोन जोड, यात महिना निघतो. जिथे जातो तिथे पाणी आणि साबण असतोच. सुती सदरा रात्री धुतला की सकाळी वाळतो. जीन वाळत नाही आणि वजनही खाते. घड्या घालण्याऐवजी कपडे गुंडाळून ठेवले की जागा कमी लागते. सगळ्यात जड जोडे पायात घालावेत. जाडजूड टॉवेलऐवजी आपला पंचा घ्यावा. टॉवेलच्या पाव वजनाचा असतो आणि तासाभरात वाळतो. लुंगीचं तर मी काय सांगावं? रात्री नेसावी, थंडी वाजली तर पांघरावी, नमाजाला अंथरावी, उरलंसुरलं सामान त्यात बांधावं.

हातातल्या बॅगेत काय असावं, याचं उत्तर सोपं आहे. जे हरवलं तर पहिली रात्र कठीण जाईल, ते. औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, चश्मा, पासपोर्ट, फोनचा चार्जर आणि एक जोड कपडे. इन्सुलिन तर विमानाच्या पोटात कधीच देऊ नये. तिथे ते गोठण्याइतकी थंडी होऊ शकते आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. सुया आणि इन्सुलिन हातात नेता येतात, फक्त चिठ्ठी सोबत हवी आणि तीत औषधाचं मूळ नाव इंग्रजीत असावं, कारण कंपन्यांची नावं देशागणिक बदलतात. आणखी एक सावधगिरी. आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात अशी काही वेदनाशामकं, कोडीन असलेली खोकल्याची औषधं अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत. त्यांना आधी परवानगी लागते.

आता बंदीच्या वस्तू. यादी पाठ करण्यापेक्षा कारण समजून घेतलं की लक्षात राहते. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनहून सुटणाऱ्या विमानांत पेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघडकीस आला. तेव्हापासून परदेशी प्रवासात हातातल्या बॅगेत द्रवपदार्थाची बाटली 100 मिलिलिटरच्या आतली हवी, असा नियम आला. नवी तपासणी यंत्रं बसवलेल्या काही विमानतळांवर हल्ली सवलत मिळते, पण आपण जुनाच नियम धरून चालावं. मोजतात ती बाटली, आतलं तेल नव्हे. दोनशेच्या बाटलीच्या तळाशी चमचाभर तेल असलं तरी ती टोपलीत जाते.

पॉवर बँकेचं बरोबर उलटं. ती पोटात चालत नाही, हातातच ठेवावी लागते. तिच्यातली लिथियमची बॅटरी कधी कधी पेट घेते. माणसांमध्ये पेटली तर विझवता येते, पोटात पेटली तर कळायलाच उशीर होतो. साधारणपणे 100 वॅट-तासांपर्यंतची चालते. नेहमीची वीस हजारांची पॉवर बँक 74 वॅट-तासांची असते, तेव्हा काळजी नाही. मात्र आता विमानात ती वापरू न देण्याकडे कल आहे. ऑक्टोबर 2025 पासून एमिरेट्सने आपल्या विमानांत तिच्यावर फोन चार्ज करायला मनाई केली आहे.

आणि आम्हा कोकणवाल्यांच्या जिव्हारी लागणारी बंदी म्हणजे सुकं खोबरं. त्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल असतं आणि साठवणीत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते ज्वालाग्राही मालात मोडतं. खसखस आपल्याकडे मसाल्यात पडते, अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. मसाल्याचं बंद पाकीट कुणी हाती दिलं आणि त्यात चमचाभर खसखस असली तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं. विमानतळावर विचारतात, "ही बॅग तुम्ही स्वतः भरलीत का?" 2018 साली मी "हो" म्हणालो होतो. खरं सांगायचं तर ती अर्ध्या गावाने भरली होती. त्या पाकिटांत काय काय आहे, हे मी एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

म्हणजे हलकं सामान बांधण्यातली खरी अडचण सदरे गुंडाळण्यात नाही. ती दारात उभ्या राहिलेल्या माणसाला "नाही" म्हणण्यात आहे. आपल्याकडे वस्तू नाकारली की माणूस नाकारल्यासारखं होतं. हलकं चालणं आपल्याला परकं नाही. वारकरी वीस दिवस घर सोडून चालतो, त्याच्या खांद्यावरच्या पडशीत फार काही नसतं. हजला जाणारा पुरुष दोन न शिवलेल्या चादरींत उभा राहतो. देवाच्या दारी जाताना जमतं ते लेकीच्या दारी जाताना का जमत नाही? गमतीचा भाग असा की तेच हाजी परतताना पाच लिटर जमजम आणि गावभर वाटायच्या खजुरांनी वाकलेले असतात. म्हणजे अडचण माणसांचीच आहे.

2023 च्या डिसेंबरात पुन्हा जायचं ठरलं, तेव्हा मी मुद्दाम फक्त हातातल्या बॅगेचं तिकीट काढलं. सात किलो. आणि ते छापील तिकीट दाराजवळ चिकटवून ठेवलं. जो येईल त्याला दाखवायचं. शिवाय एक तोडगा काढला. ज्याला काही पाठवायचं असेल त्याने चिठ्ठी लिहावी किंवा फोटो द्यावा, मी प्रत्येकाच्या घरी जाऊन पोहोचवीन आणि निरोप सांगेन. काही जणांना ते आवडलं. फुफीला आवडलं नाही. ती चार महिने माझ्याशी बोलली नाही. तेवढी किंमत पडते, ती धरूनच निघावं.

मग अम्माकडे गेलो आणि गोधडी मागितली. 2018 साली ती परत आली तेव्हा अम्मा एक शब्द बोलली नव्हती. डांबराच्या गोळ्या टाकून तिने ती ट्रंकेत ठेवून दिली होती. आता ती म्हणाली, "वजन होईल तुला. राहू दे." मी गोधडी किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवली. एक किलो नऊशे. तो आकडा कागदावर सगळ्यात वर लिहिला आणि उरलेल्या पाच किलो शंभरात बाकीचं बसवायला घेतलं. कापडी बॅग एक किलो शंभर. दोन जोड कपडे एक किलो. पंचा, लुंगी, आतले कपडे मिळून सातशे ग्रॅम. औषधं पाचशे. चार्जर, पॉवर बँक, चश्मा सहाशे. कागदपत्रं तीनशे. कवितेची वही तीनशे. बेरीज सहा किलो चारशे झाली. उरलेल्या जागेत चारशे ग्रॅम फणसपोळी घेतली, फुफीसाठी. तिने दिली नव्हती, मीच विकत घेऊन तिच्या नावाने तिच्या नातवंडांना द्यायची ठरवली. एकूण सहा किलो आठशे.

हा हिशोब करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आधी मी सगळं भरायचो आणि मग जड झालं की आपल्या माणसाची वस्तू काढायचो. या वेळी जी न्यायचीच, ती आधी ठेवली आणि बाकीच्या वस्तूंना तिच्याभोवती जागा शोधायला लावली.

काउंटरवर थांबायचं नव्हतं, खांबाकडे बघायचं नव्हतं. दुबईला उतरून पट्ट्यापाशी ताटकळलेल्या गर्दीच्या बाजूने मी बॅग खांद्यावर टाकून सरळ बाहेर आलो. जावई माझ्या मागे बघत राहिले. त्यांना वाटलं, सामान यायचंय.

त्या रात्री नातवाला गोधडी पांघरली. चाळीस दिवसांच्या बाळासाठी शिवलेली गोधडी आता पाच वर्षांच्या पोराला अपुरी होती. डोकं झाकलं की पाय उघडे पडत होते. मुलीने तिच्या शाळेतल्या फ्रॉकचा तुकडा ओळखला आणि त्यावरून हात फिरवत बसली. तिने व्हिडिओ कॉल लावून अम्माला झोपलेला पणतू दाखवला. अम्मा बराच वेळ फोनमध्ये बघत राहिली.

"पाय उघडे पडतात त्याचे," ती म्हणाली. "दुसरी शिवायला घेते. किती किलोपर्यंत चालेल, तेवढं आधी सांग."